काळा पडलेला दूधराज

घुग्घुसात पांढरं काही टिकत नाही, असं शेजारची गुणाबाई म्हणायची. तिच्या मते इथं पांढरी गाय आणून बांधली तरी वर्षभरात ती काळवंडते, आणि नवरदेवाला पांढरे कपडे घालायचे असतील तर लग्न वरोऱ्याला लावावं. तिच्या अंगणात रोज सकाळी दगडी कोळशाचा ढीग धुमसत असायचा. कच्चा कोळसा उघड्यावर जाळून त्याचा दाट धूर काढून टाकायचा, मग विझवून तोच घरात शेगडीला वापरायचा, ही तिथली घरोघरची रीत. रिना लग्न होऊन ब्रह्मपुरीकडून आली तेव्हा त्या वासानं तिला मळमळायचं. पुढं नाकाला सवय झाली आणि वास येतो हेच ती विसरून गेली.

रिनाचा नवरा हरिदास कोळशाच्या खाणीत पाळीवर जायचा. उर्वशी ही त्यांची एकुलती एक लेक, वीस वर्षांची, आणि ती गेल्या हिवाळ्यापासून आतल्या खोलीत खाटेवर होती.

उर्वशीला सिकलसेल. आईच्या रक्तातला अर्धा दोष आणि बापाच्या रक्तातला अर्धा, आणि दोघं आपापल्या जागी ठणठणीत. सोयरीक जुळवताना मुलगी किती शिकली, मुलाला नोकरी कुठं, हे सगळं विचारून झालं होतं. रक्त तपासा असं कुणी म्हटलं नव्हतं. थंडी लागली, पाणी कमी पडलं, मनाला धसका बसला की पोरीचं दुखणं उठायचं. हाडाच्या आत कुणी तापलेली सळई फिरवावी तसं. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकत असताना तिचा डावा खुबा गेला. हाडाला रक्तच पोचलं नाही, ते आतून मेलं, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशन करता येईल. पण त्याआधी रोजची कॅप्सूल न चुकता घेऊन अंगात ताकद आली पाहिजे. ती चुकली तर पुढचं काही सांगता येत नाही. डॉक्टर हे शेवटचं वाक्य हळू बोलले होते. रिनाला मात्र तेच सगळ्यात मोठ्यानं ऐकू आलं, आणि अजूनही भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ते ऐकू यायचं.

खाटेच्या समोर भिंतीवर दूधराज होता.

तो वारलूचा. वारलू म्हणजे रिनाचा बाप, घर ब्रह्मपुरीकडं, पण नोकरीनं गडचिरोलीच्या पलीकडं जंगलातल्या एका डाकबंगल्याचा चौकीदार. तिथं साहेब लोकांच्या काळातली पाखरांची चित्रं भिंतीवर होती. बंगला पाडायला काढला तेव्हा बहुतेक चित्रं वाळवीनं खाल्लेली निघाली. एक धड होतं. पाडकामावरच्या साहेबानं ते वारलूला देऊन टाकलं. वारलूनं ते आयुष्यभर चुलीवरच्या फळीवर, बियाण्याच्या गाडग्यांशेजारी ठेवलं. झाडीपट्टीत जपायची वस्तू तिथंच ठेवतात. लाकडाच्या धुरात कीड लागत नाही, ओल धरत नाही. मरायच्या आधी त्यानं ते नातीला दिलं, आणि हरिदासनं काचेच्या चौकटीत बसवून आणलं.

मातकट रंगाच्या कागदावर दोन पाखरं. वरच्या फांदीवर पांढराशुभ्र दूधराज, डोक्यावर काळा तुरा, आणि शेपटीची दोन पिसं फितीसारखी लांब, खाली उतरून शेवटी हलकेच वळलेली. खालच्या फांदीवर तसाच दुसरा, पण विटकरी. हा त्याचा तरुणपणीचा रंग. पूर्वी लोकांना ती दोन निराळी पाखरं वाटायची म्हणे.

रिना बी.ए. झालेली. तिनं त्या चौकटीवरची धूळ कितीदा पुसली असेल, पण चित्र पाहिलं ते उर्वशीनं पाहायला लावलं तेव्हा.

"आई, इथी ये. हा तुरा कोणत्या रंगाचा आहे?"

"काळा."

"पाह्य नीट. काळा रंग नाईच यात. निळा आहे, हिरवा आहे, थोडासा जांभळा. एकावर एक लावले त्यानं. आपल्याले काळा वाटते फक्त."

रिनानं वारलूच्या जुन्या भिंगातून पाहिलं आणि खरंच, काळं काही नव्हतं.

उर्वशीनं मोबाईलवर शोधशोधून वाचलं होतं. दीडशे वर्षांपूर्वी पाखरू गोळी घालून पाडायचे. कातडं सोलून त्यात कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची आणि पेटीत घालून जहाजानं विलायतेला पाठवायचं. तिकडं चित्रकार ते मेलेलं पाखरू समोर ठेवून दगडावर रेखाटायचा. दगडावरून कागद छापायचे, आणि मग एकेक कागद हातानं रंगवायचा. रंगवणारांत बायापोरीही असत. त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत.

"कापूस भरलेल्या पाखराची शेपटी सरळ राह्यते, काठीसारखी," उर्वशी म्हणायची. "ह्यानं ती वळवली. आजा म्हणे, अशीच वळते, म्या नाल्यावर पाह्यली. मंग ह्या माणसाले कसं समजलं, आई? आणि डोळा पाह्य. त्याच्याजवळ कापसाचा डोळा होता. जिता डोळा त्यानं कुठून आणला असन?"

डोळ्याभोवती निळं कडं होतं, आत काळं बुबुळ, आणि बुबुळात सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. त्या एवढ्याशा ठिपक्यानं पाखरू खोलीभर पाहायचं.

उर्वशी त्या चित्राची नक्कल करू लागली. पाठीवर पडून, पोटावर फळी ठेवून. बरं वाटलं तर एखादं पीस, नाही तर नुसतं पाहणं. पांढऱ्या पिसांसाठी ती महिनोनमहिने झगडली. आधी तिला वाटलं, पांढरा रंग फासला की झालं. मग भिंगातून दिसलं की चित्रकारानं सावलीत निळसर राखाडी धरून ठेवला आहे आणि पांढरा फक्त पिसाच्या कडेवर, केसाएवढ्या रेघेनं, जिथं उजेड पडतो तिथंच दिला आहे. "कंजूस माणूस होता," ती हसून म्हणायची. "पांढरा असा वापरला जसा कोणाकडून उसना आणला होता."

दुखण्याची लाट आली की ती रिनाचं मनगट घट्ट धरायची आणि डोळे त्या लांब शेपटीवर ठेवायची. शेपटीच्या मुळापासून टोकापर्यंत, टोकापासून मुळापर्यंत नजर फिरवत राहायची. लाट ओसरायची. रिनाच्या मनगटावर नखांचे व्रण राहायचे. ते पाहिले की रिनाला वाटायचं, चला, आजचा दिवस निभावला.

श्रावणात दिव्यानी गेली.

दिव्यानी अहेरीकडची, नागपूरच्या वॉर्डात उर्वशीच्या शेजारच्या खाटेवरची. आजारही तोच. दोघी रोज मोबाईलवर एकमेकींना बोलून पाठवायच्या, डॉक्टरांच्या नकला करायच्या. एक दिवस दिव्यानीच्या फोनवरून तिच्या भावाचा आवाज आला. उर्वशीनं तो एकदाच ऐकला आणि फोन उशीखाली ठेवला. त्या दिवसापासून ब्रश हातात घेतला नाही. चित्राकडं मात्र पाहायची आणि कॅप्सूल घ्यायची. रिना तेवढ्यावर तग धरून होती.

आणि तेव्हाच चित्रामागची भिंत ओल धरू लागली. चौकटीच्या कोपऱ्यात बुरशीचा ठिपका दिसला. तिनं चित्र चौकटीतून काढलं आणि बापानं जे आयुष्यभर केलं तेच केलं. स्वयंपाकघरात शेगडीच्या वर फळी होती, घरातली सगळ्यात कोरडी जागा. तिथं पातळ फडक्याखाली चित्र ठेवलं. घरात गॅस होता. पण ही शेगडी पावसाळाभर दिवसच्या दिवस पेटलेली असायची, कारण उर्वशीच्या खुब्याला गरम मिठाची पोटली लागायची.

"माहा दूधराज कुठी आहे?" उर्वशी विचारायची.

"सुकून राह्यला. लावतो दोन दिवसांनी."

ऊन पडायला पोळा उलटून गेला. रिनानं फडकं उचललं, आणि तिला वाटलं आपण दुसरंच चित्र हातात घेतलं आहे. विटकरी दूधराज जसाच्या तसा होता. पांढरा दूधराज काळा पडला होता. सगळा नाही, जिथं जिथं चित्रकारानं पांढरा दिला होता तिथं तिथं, केसाएवढी रेघन् रेघ, काळी-तपकिरी. छाती जळल्यासारखी दिसत होती. शेपटी म्हणजे दोन काळे दोरे.

काजळी बसली असेल म्हणून तिनं कोरड्या फडक्यानं टोकाला पुसून पाहिलं. फडक्याला काही लागलं नाही. पहिला विचार आला, लपवावं. तेवढ्यात आतून हाक आली, "आई, काढलं का?"

रिना चित्र घेऊन आत गेली. दुसरं काय करणार होती?

उर्वशीनं भिंग मागितलं. बराच वेळ पाहिलं. ती चिडली नाही, रडली नाही. भिंग बाजूला ठेवून एवढंच म्हणाली, "डोळा बी विझला," आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

तीन-चार दिवसांनी चादर झटकताना गादीखालून कॅप्सूल घरंगळली. मग आणखी एक.

विनवण्या झाल्या, शपथा झाल्या. हरिदास पाळीवरून आला की तोंड न धुता दाराशी बसून राहायचा, आत जायची त्याला हिंमत होत नसे.

"उचलून नेऊ नागपूरले," तो एकदा म्हणाला.

"उचलून न्याल. मंग? तोंड उघडवाल का तिचं? जबडा धराल?" रिना म्हणाली. मग तिलाच आपल्या बोलण्याची लाज वाटली.

गुणाबाईनं आपल्या परीनं पाहिलं. खाटेजवळ बसून म्हणाली, "काऊन वं पोट्टे, माह्या पोराच्या लग्नात नाचतो म्हणली होतीस ना? आता काय पाखरू काळं झालं म्हून बसून राह्यशील? मी तं जन्माचीच काळी आहो, मी काय मरू?" एरवी उर्वशी यावर काहीतरी सणसणीत बोलली असती. ती हललीही नाही. गुणाबाई स्वयंपाकघरात येऊन पदरात तोंड खुपसून रडली, आणि मग रागानं रिनालाच म्हणाली, "चहा तं टाक, बाई."

रिनाला झोप नव्हती, अन्नावर वासना नव्हती. पोरीचा श्वास मोजत बसायची. डोळ्यांचा पिवळेपणा वाढला का, नखं फिकी झाली का, पाणी किती प्यायली. शेवटी तिनं ब्रह्मपुरीच्या कॉलेजातल्या आपल्या एका जुन्या मॅडमना फोन लावला. त्यांनी चंद्रपूरच्या इंदुताईंचं नाव सांगितलं. इंदुताईंनी एका संग्रहालयात जन्मभर जुने कागद आणि चित्रं दुरुस्त केली होती, आता निवृत्त होत्या. गुणाबाईला खाटेजवळ बसवून रिना बसनं चंद्रपूरला गेली. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये चित्र, आणि का कोण जाणे, उर्वशीची अर्धवट नक्कलही तिनं सोबत घेतली.

इंदुताईंनी चित्र खिडकीपाशी नेलं, तिरपं धरून पाहिलं.

"कुठं ठेवलं होतं हे?"

"शेगडीच्या वर. फळीवर."

"लाकडाची शेगडी?"

"दगडी कोळशाची."

इंदुताईंनी चित्र खाली ठेवलं. "तिथं कशासाठी ठेवलं, बाई?"

"आमच्याकडं चुलीवरच ठेवतात. वडिलांनी तसंच ठेवलं होतं. वाळवी लागत नाही."

"वडिलांची चूल लाकडाची होती," इंदुताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दोष नव्हता. "हा पांढरा शिशापासून बनवलेला आहे. कोळशाच्या धुरात गंधक असतो. तो शिशाला लागला की असा काळा पडतो. मळ नाही हा, बुरशी नाही. म्हणून पुसून जात नाही."

रिना खुर्चीत बसली. शेगडी कुणासाठी जळत होती हे इंदुताईंना सांगायला तिला तोंड नव्हतं. रोज पोटली गरम करताना पोरीचं दुखणं उतरावं म्हणून फुंकर घालायची, आणि वर ते पाखरू काळं होत होतं. बापाची रीत पाळली, एवढंच केलं. ती रीत तिनं दुसऱ्या गावच्या विस्तवावर नेऊन ठेवली होती.

"परत पांढरा होतो का?"

"होतो. जखम धुवायचं औषध असतं ना, फेस येणारं, पेरॉक्साईड, त्यानं होतो. पण पूर्वीचाच होत नाही. थोडा कोरडा, खडूसारखा होतो. मी करून दिलं असतं, पण आता डोळ्यांचं असं झालंय की सुईएवढा ठिपका मला दोन दिसतो आणि दोन्ही हलतात." त्या स्वतःशीच हसल्या. मग नकलेकडं वळल्या. "हे कुणी केलं?"

"मुलीनं."

इंदुताईंनी ती खिडकीपाशी नेली. "शेपटी राहिली आहे. आणि डोळ्यात उजेड टाकला नाही."

"तो सगळ्यात शेवटी टाकायचा म्हणते."

"बरोबर म्हणते." त्यांनी कागद परत दिला. "मग तिच्याच हातून होईल हे. औषधात पाणी घाला, आधी एखाद्या कोपऱ्यावर करून पाहा. ब्रश जवळजवळ कोरडा पाहिजे, ओलावा नुसता दाखवायचा. थेंब पडला तर कागद डागळेल, शेजारचा रंग सुटेल. मग कुणाला काही करता येणार नाही."

बसमध्ये रिना पुठ्ठे छातीशी धरून बसली होती. औषध विकत घ्यायचीही गरज नव्हती. उर्वशीच्या घोट्यावर जुनी न भरणारी जखम होती. ती धुवायची बाटली घरात कायमचीच असायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीतून चांगलं ऊन आलं तेव्हा रिनानं पाट मांडला. वाटीत औषध घेतलं, पाणी घातलं, उर्वशीचा सगळ्यात बारीक ब्रश काढला. काय करायचं ते सगळं सांगितलं. उर्वशी भिंतीकडंच पाहत होती.

"तू कर ना, बाई. तुह्या हाताले जमन."

"करून काय होते?"

"पांढरा होते म्हणते त्या."

"मंग पुन्हा काळा होईन. इथी राह्यचं तं काळंच व्हायचं." थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "दिव्यानी तं सगळ्या गोळ्या घेत होती, आई. एकबी चुकवली नाई."

रिना पाटाशी बसली आणि तिनं ब्रश औषधात बुडवला. आपल्याला जमणार नाही हे तिला ठाऊक होतं. पण रिकामे हात मांडीवर ठेवून बसणं आता तिच्यानं होत नव्हतं. शेपटीच्या अगदी टोकाला, जिथं चुकलं तरी कमी दिसेल, तिथं तिनं ब्रश टेकवला. ब्रश नको तेवढा ओला होता. टोकावर थेंब साचला, फुगला आणि कागदावर पसरू लागला. मातकट कागदावर ओलं वर्तुळ वाढत चाललं. ते पुसावं की तसंच राहू द्यावं हे तिला कळेना. दुसरा थेंब पडणार इतक्यात खाटेवरून आवाज आला.

"आई. थांब. ओलं करून राह्यली तू."

उर्वशी या कुशीवर वळली होती. वळताना दुखलं असणार, ओठ पांढरे पडले होते.

"हटव तो ब्रश. टिपकागद लाव त्याच्यावर. घासू नको, नुसता ठेव."

रिनानं टिपकागद ठेवला. ओल शोषली गेली, पण वर्तुळाची कडा कागदावर उमटली ती उमटलीच.

"दे इकडं," उर्वशी म्हणाली. "पुरं खराब करशील."

रिनानं पाठीशी उशा लावल्या, पोटावर फळी ठेवली, फळीवर चित्र. उर्वशीनं ब्रश फडक्यावर टिपून टिपून जवळजवळ कोरडा केला. रिनाला वाटलं ती शेपटीपासून सुरुवात करेल. तिनं भिंग डाव्या हातात धरलं आणि ब्रश थेट डोळ्यावर नेला.

"आधी कोपऱ्यावर करून पाहा म्हणत होत्या त्या," रिना पुटपुटली.

"कोपऱ्यावर तू केलं ना."

ब्रशचं टोक बुबुळाला लागलं आणि निघालं. पुन्हा लागलं, पुन्हा निघालं. काही झालं नाही. बाहेर गुणाबाई कोंबड्यांना शिव्या देत होती. तो काळा ठिपका आधी तपकिरी झाला, मग राखाडी, आणि मग, कधी ते कळलंच नाही, पांढरा झाला. पूर्वीसारखा ओला नाही, कोरडा, खडूसारखा. पण जळलेल्या छातीच्या वर, काळ्या पडलेल्या अंगातून, पाखरू पाहू लागलं.

उर्वशी भिंग न हलवता पाहत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते दुखण्याचं होतं की कशाचं, हे विचारायची रिनाला भीती वाटली. मग उर्वशीनं ब्रश गळ्याखालच्या पहिल्या पिसाकडं नेला. पण हात कापला आणि तिनं तो लगेच उचलला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा उचलला.

"हात थरथरते," ती म्हणाली. "असा हात राह्यला तं शेपटी नाई जमत." मग, रिनाकडं न पाहता, "गोळी दे."

"दुखण्याची?"

उर्वशीनं डोळे मिटले.

"दोनी दे. रोजची कॅप्सूल बी."

रिना स्वयंपाकघरात आली. तिला पाकीट सापडेना, ते तिच्या हातातच होतं. चकचकीत कागद फाटेना, तो तिनं दातानं फाडला. शेगडीवरची फळी रिकामी होती आणि खालचे निखारे राखेत गेले होते. नागपूरची तारीख अजून घ्यायची होती, ऑपरेशन व्हायचं होतं, आणि उद्या पोरीचं मन कोणत्या कुशीवर वळेल हे कुणाला सांगता येत नव्हतं. गोळी मागितली ती तिनं स्वतःसाठी की त्या पांढऱ्या पिसांसाठी, हेही रिनाला ठरवता येईना. तिला ते ठरवायचंही नव्हतं.

ती पाण्याचा पेला आणि तळहातावर दुखण्याची गोळी आणि कॅप्सूल घेऊन खाटेपाशी आली. उर्वशीनं तोंड उघडलं, लहानपणी उघडायची तसं. रिनानं आधी कॅप्सूल जिभेवर ठेवली, पेला टेकवला आणि गळ्याची हालचाल होईपर्यंत तिथून नजर हलवली नाही.

पोटावरच्या फळीवर दूधराजाची शेपटी अजून काळीच होती.